चांगली नर्सरी ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की अडीच वर्षांच्या मुलीसाठी चार-पाच नर्सऱ्या बघून झाल्या, सगळ्याच रंगीत, सगळ्याच ‘सर्वांगीण विकासा’वर बोलणाऱ्या, मग त्यांतली चांगली कोणती हे ठरवायचं कसं. मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांबरोबर काम केलंय, आता नव्याने येणाऱ्या ताईंना शिकवते. माझं उत्तर जरा एकांगी वाटेल. शी-शू, खाणं, झोप आणि रडणं, या चार वेळी तिथली मोठी माणसं मुलांशी कशी वागतात ते बघा. बाकीचं बरंचसं त्यावरून कळतं.

या वयाच्या मुलाचा दिवस मुख्यतः याच गोष्टींत जातो. वेळापत्रकावर गाणी, गोष्टी, चित्रकला असं सगळं लिहिलेलं असतं. चड्डी ओली झाली, चप्पल सापडेना, पाणी सांडलं, हे कुठेच नसतं. पण मूल बोलायला, थांबायला, स्वतःचं स्वतः करायला शिकतं ते यातच. एम्मी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये आईवडिलांविना राहिलेल्या बाळांसाठी एक संगोपनगृह सुरू केलं. तिथल्या परिचारिकांना त्यांची शिकवण अशी की बाळाला उचलण्याआधी, कपडे बदलण्याआधी आपण काय करणार आहोत ते त्याला सांगायचं, त्याच्या प्रतिसादासाठी क्षणभर थांबायचं आणि मगच हात लावायचा. बोलता न येणाऱ्या बाळालाही! संस्थेत वाढणारी मुलं कोमेजतात असा तेव्हाचा सर्रास अनुभव होता, तरी ती मुलं चांगली वाढली. आजही मी नर्सरीत गेले की आधी हेच बघते. ताई मुलाला मागून येऊन काखेत उचलते, की समोर येऊन, वाकून, ‘चल, चड्डी बदलू या’ म्हणते? नाक पुसताना सांगून पुसते, की बोलणं दुसरीकडे आणि हात मुलाच्या नाकावर?

म्हणून त्यांनी दिलेल्या वेळी जाऊन माहिती ऐकली असेल, तरी आणखी एकदा जा. खाण्याच्या वेळी किंवा सुटीच्या आधीच्या अर्ध्या तासात. तेव्हा ताई दमलेल्या असतात आणि दमलेल्या माणसाला अभिनय जमत नाही. वर्गात डोकावू देत नसतील तर कारण विचारा. मुलं विचलित होतात हे कारण खरं असू शकतं. मग खिडकीतून बघण्याची सोय त्यांनी स्वतःहून सुचवायला हवी. कॅमेरे बसवलेत असं कोणी अभिमानाने सांगेल. असू देत, पण बहुतेकदा त्यात चित्र दिसतं, आवाजाचा सूर ऐकू येत नाही.

रडणाऱ्या मुलाचं काय होतं ते नक्की बघा. ‘शहाणी मुलं रडतात का?’, ‘तो बघ कसा हसतोय’, ‘रडलीस तर आई येणार नाही’, यांतलं काही कानावर पडलं तर मी तिथे नाव घालणार नाही. चांगली ताई मुलाच्या उंचीला येते, ‘आईची आठवण येतेय ना’ म्हणते आणि जवळ बसून राहते. आणि हो, एकही आवाज नसलेला दोन-अडीच वर्षांच्या मुलांचा वर्ग बघून खूश होऊ नका. ही मुलं एवढी गप्प बसली असतील तर कशामुळे बसली ते शोधावं.

आता आकडे, कारण माया कितीही असली तरी हात दोनच असतात. इंग्लंडच्या नियमांनुसार २ वर्षांखालच्या ३ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं आणि २ वर्षांच्या ५ मुलांमागे एक. २०२३ पर्यंत ही दुसरी संख्या ४ होती. ती वाढवली तेव्हा या क्षेत्रातल्या पुष्कळ लोकांनी नाराजी व्यक्त केली. तुमच्या पाहण्यातल्या नर्सरीत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असेल, तर त्या दोघी देवमाणसं असल्या तरी दिवसभर मुलं सांभाळण्यापलीकडे काही करू शकणार नाहीत. चौकशी करताना ‘स्टाफ किती’ असं विचारू नका, त्यात हिशेब बघणारे आणि गाडीवाले काकाही मोजले जातात. ‘माझ्या मुलीच्या खोलीत या क्षणी किती मुलं आणि किती ताई?’ असं विचारा.

पुढचा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: या ताई इथे किती दिवसांपासून आहेत? लहान मूल आधी एका माणसाशी जुळतं, मग त्या जागेशी. दर दोन-तीन महिन्यांनी चेहरा बदलत असेल तर मूल दर वेळी पहिल्यापासून रुळतं, आणि काही मुलं रुळायचा नाद सोडून देतात. चांगल्या ठिकाणी प्रत्येक मुलाची एक ठरलेली ताई असते. मूल काय खातं, कशाला घाबरतं हे तिला पाठ असतं, तुम्हाला रोज भेटते तीच. ताई टिकत नसतील तर बहुधा पगार कमी आणि काम फार असतं. याचा अंदाज नर्सरीचालकांच्या उत्तरापेक्षा उत्तर देतानाच्या चेहऱ्यावरून जास्त येतो.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. अडीच वर्षांच्या मुलाकडून अक्षरं गिरवून घेणं हा पालकांना खूश करण्याचा उद्योग आहे. त्या वयाच्या बोटांना माती, पाणी, वाळू, ठोकळे हवेत. भिंतीवर वीस मुलांची वीस अगदी सारखी फुलपाखरं लावलेली दिसली तर ती ताईंनीच केलीत असं समजा. खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी मांडली आहेत की कपाटावर शोभेला ठेवली आहेत? एकाच प्रकारच्या चार गाड्या असतील तर मला ती जागा लगेच आवडते. दोन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, वाटून घेणं त्यांना अजून जमत नाही, आणि हे तिथे कोणाला तरी कळलेलं असतं.

बोलणं मात्र भरपूर हवं. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा मोठा अभ्यास झाला. ज्या ठिकाणी मुलांची प्रगती चांगली दिसली तिथे मोठं माणूस आणि मूल मिळून एखाद्या गोष्टीवर बराच वेळ विचार करताना आढळत. मूल म्हणतं, ‘मुंगी कुठे चालली?’ ताई म्हणते, ‘तुला काय वाटतं?’, आणि दोघं मुंगीच्या मागे जातात. ‘हा रंग कोणता? शाब्बास!’ या प्रश्नोत्तरांना मी संवाद म्हणत नाही.

सुरक्षिततेचं तुम्ही बघालच: फाटकाला कडी, मुलाला कोण नेणार याची नोंद, शी-शू झाल्यावर मुलांचे आणि ताईंचेही हात धुणं, तोंडात जातील अशा बारीक वस्तू हाताशी नसणं. इथे तडजोड नको.

रुळण्यासाठी ते किती वेळ देतात हेही विचारा. पहिले काही दिवस तुम्हाला आत थांबू देणं, मग थोडा थोडा वेळ वाढवणं, ही पद्धत बरी. ‘दारात सोडा आणि वळून न बघता जा’ म्हणणाऱ्यांना आपली सोय मुलापेक्षा मोठी वाटते. निरोप न घेता गुपचूप सटकू नका, तसं करायला कोणी सांगितलं तरी.

हे सगळं वाचून धास्तावू नका. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या, हजारावर मुलांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्या अभ्यासात घराचा प्रभाव पाळणाघराच्या दर्जापेक्षा जास्त दिसला. दर्जाचा फायदा खरा, पण माफक. तेव्हा दोन जागा सारख्याच बऱ्या वाटल्या तर घराच्या जवळची घ्या. प्रवासात मूल कमी दमेल आणि ताप आल्याचा फोन आला की तुम्ही लवकर पोहोचाल.