नळीला भोकं पाडून घ्यायची का?

धुळे

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पिस्तूलवाल्यांचे व्हिडिओ बघितले. खाली विचारलंस, "नाना, कॉम्पेन्सेटरवाली नळी घेऊ का?" उत्तर आधीच देऊन टाकतो: नको. पण नुसत्या "नको"वर तू ऐकणारी नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बार उडाला की गोळीमागोमाग जळलेल्या बारुदाचा गॅस नळीतून सुटतो. नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे झटका बसला की पिस्तुलाचं तोंड वर उसळतं. त्या गॅसमधला थोडा वरच्या अंगाला सोडला, तर तो तोंडाला खाली दाबतो. कॉम्पेन्सेटरचा उद्योग एवढाच. कोणी नळीच्या टोकाला वेगळा तुकडा बसवतं, कोणी नळीलाच वरून भोकं पाडतं. दुसऱ्या प्रकारात गोळी बाहेर पडायच्या आधीच गॅस निसटायला लागतो, म्हणून वेगही थोडा मरतो.

आता यातली मेख बघ. गॅस गोळीच्या मागे असतो. गोळी त्या भोकांपुढे गेल्याशिवाय त्यातून काही सुटत नाही, आणि तोवर ती नळीच्या तोंडाशी पोचलेली असते. म्हणजे सुटलेल्या गोळीचं भलं करायला कॉम्पेन्सेटर उशिराच येतो. तो मदत करतो पुढच्या गोळीला, कारण मक्खी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) लवकर जागेवर येते. तुझे खराब शॉट कुठे जातात? सात वाजता, खाली डावीकडे. तू उजव्या हाताची. ते ट्रिगर ओढताना सगळी मूठ आवळल्यामुळे जातात, बार उडायच्या आधी. त्यावर कुठल्याही नळीत औषध नाही.

दुसरं, गॅस हवा ना वळवायला! आयपीएससीच्या, म्हणजे झटपट गोळ्या टाकायच्या व्यावहारिक नेमबाजीच्या, सामन्यांत झटका मोजायला पॉवर फॅक्टर काढतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. .२२ ची ४० ग्रेनची गोळी १,०५० फुटांनी गेली तर आकडा येतो ४२. .३२ पिस्तुलाची ७१ ग्रेनची गोळी ९०० फुटांनी, म्हणजे जेमतेम ६४. साधं ९ मिमी, १२४ ग्रेन आणि १,१०० फूट, १३६. आणि तुझ्या व्हिडिओतले ते गडी ओपन डिव्हिजनवाले, म्हणजे कॉम्पेन्सेटर चालतो त्या गटातले. त्यांना 'मेजर', म्हणजे कडेच्या नेमालाही जास्त, गुण हवे तर किमान १६० लागतात. ते सावकाश जळणारी बारूद ठासून भरतात, म्हणून गोळी बाहेर पडताना मागे भरपूर गॅस उरतो आणि कॉम्पेन्सेटरला काम मिळतं. शिवाय एकाच लक्ष्यावर दोन गोळ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत टाकायच्या असतात. तिथे तो पैसे वसूल करतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच आयपीएससीत स्टँडर्ड आणि प्रॉडक्शन डिव्हिजनला तो चालत नाही. आणि ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, सामान्य परवान्यावर मिळतच नाही. माझं खरं वाटत नसेल तर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या तुझ्या मामाला विचार, काडतुसात बारूद कमी-जास्त केली की काय काय बदलतं ते. त्यांचा जन्म त्यात गेला.

आता तुझ्या खेळाकडे ये. तुझं १० मीटर एअर पिस्तूल. त्यात बारूदच नाही. बहुतेक मॅच पिस्तुलांच्या तोंडाशी भोकं कंपनीनेच दिलेली असतात, पण त्यांचं मुख्य काम वेगळं: पेलेटच्या (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळीच्या) मागून येणारी हवा बाजूला काढायची, म्हणजे ती पेलेटला ढकलून हलवत नाही. ते तुझ्याकडे आहेच. दोन वर्षांनी २५ मीटरला .२२ वर जाशील, तर तिथे आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक, भोकं पाडलेली नळी, काहीच बसत नाही. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे सामान तपासणीच्या, टेबलावरूनच परत पाठवतील. एके काळी रॅपिड फायरवाले .२२ शॉर्ट काडतूस आणि भोकाची नळी वापरायचे. २००५ पासून ते काडतूसच बाद झालं, आता .२२ लाँग रायफल आणि साधी नळी. तरी लोक चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या टाकतातच. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेऊन आली, ती याच नियमांत खेळून.

राहता राहिलं वडिलांच्या परवान्याचं .३२ पिस्तूल. एमआयडीसीतला कोणी लेथवाला "भोकं मारून देतो" म्हणतोय, असं तू लिहिलंस. त्याला लांबूनच नमस्कार कर. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात फेरफार करणं हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली येतं. चोपडा-शिरपूरच्या बाजूला गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या तू वाचतेसच. नाकाबंदीत घरगुती भोकांची नळी निघाली, तर हवालदार तुला खेळाडू म्हणून चहा पाजणार नाही, आणि वडिलांचा परवाना जाईल तो वेगळाच. कायदा सोड, कामाचंही बघ. ड्रिलने भोक पाडलं की नळीच्या आत बारीक कंगोरा राहतो. बोट फिरवून कळत नाही, पण प्रत्येक गोळीचं तांबं किंवा शिसं त्यावर खरवडलं जातं आणि नळीचं ग्रुपिंग (गोळ्या एकाच जागी पडणं) बिघडतं.

आर्मोररची, म्हणजे हत्यारं सांभाळायची, नोकरी केली म्हणून अजून एक सांगतो, व्हिडिओत हे कोणी दाखवत नाही. चांगल्या कारागिराचा कॉम्पेन्सेटर असला तरी साफसफाई जीव काढते. खोबणीत जमलेला कार्बन तव्याच्या कडेच्या काजळीसारखा घट्ट बसतो. पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदीने तो हलत नाही, ब्रश आणि तेल घेऊन बसावं लागतं. पुढची मक्खी काळी पडते. आवाज वाढतो, शेजारच्या लेनवाल्याच्या कानात दडे बसतात. तोंडाचं वजन वाढतं आणि झटका कमी होतो, म्हणून स्प्रिंग हलकी करावी लागते. नाहीतर हलक्या काडतुसावर स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि पिस्तूल अडकतं. पोलीस दलात असतो तर असलं हत्यार मी कोतमधून (शस्त्रागारातून) बाहेरच पाठवलं नसतं.

वडिलांनी केळीच्या पैशातून काही रक्कम तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे ना? त्यातून आधी हाताच्या मापाची ग्रिप घे, तळव्याला पोकळी राहणार नाही अशी. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात घाम येऊन मूठ सरकते, ग्रिप बरोबर असेल तर निम्मा त्रास तिथेच जातो. मग एकाच बॅचची पेलेट जास्त घेऊन ठेव. उरले तर ठेव तसेच, .२२ चा दिवस येईल तेव्हा लागतील. रोज भिंतीसमोर पेलेट न घालता ड्राय फायर कर. खटका पडताना मक्खी हलली का, एवढंच बघायचं.

आणि ते सेकंडहँड एअर पिस्तूल बघायला जाशील, तेव्हा नळीची भोकं मोजत बसू नकोस. आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाच. त्यात २०० बार दाब भरतात आणि त्याचं आयुष्य बनल्यापासून दहा वर्षं धरतात. तारीख उलटलेली असेल तर स्पर्धेला तो चालत नाही आणि नव्याचे पैसे किमतीतून वजा करून माग. विकणारा कुरकुर करेल, करू दे. आणि भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नको.

तुझा,
नाना