फवारणीचा ड्रोन आणि लढाईतला ड्रोन
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्या उसावर दहा लिटर टाकीचा ड्रोन फवारणीला येतो. आठ-दहा मिनिटांत त्याची बॅटरी उतरते. मग युद्धातले ड्रोन शेकडो किलोमीटर कसे जातात?
– एक शेतकरी, पलूस (जि. सांगली)

उत्तर : ते यंत्रच वेगळं. तुमचा ड्रोन भरल्या टाकीनिशी पंचवीस किलोच्या घरात जातो आणि बॅटरीची बहुतेक ताकद नुसतं हवेत तरंगण्यातच खर्च होते. लांब पल्ल्याच्या ड्रोनला विमानासारखे पंख आणि पेट्रोल इंजिन असतं. इराणी शाहेद-१३६ चं वजन सुमारे २०० किलो, वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास, आवाज मोपेडसारखा. आपल्याकडे नागपुरात तयार होणारं नागास्त्र-१ (लक्ष्यावर आदळून फुटणारा ड्रोन) बॅटरीवरच चालतं, पण पंखामुळे अर्धा तास हवेत राहतं. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरवता येतं, ही त्यातली मोठी सोय. तुमच्यासारखे चार-सहा पंख्यांचे ड्रोन युक्रेनमध्ये आहेतच, पण ते बहुतेक वेळा आघाडीच्या जवळपास वापरतात.

प्रश्न : मे २०२५ मध्ये पाकिस्तानचे ड्रोन आले तेव्हा जॅमर लावून सगळेच का पाडले नाहीत?
– निवृत्त सुभेदार, अपशिंगे मिलिटरी (जि. सातारा)

उत्तर : सुभेदारसाहेब, जॅमर ड्रोन पाडत नाही, त्याचा कान बंद करतो. शेतात ऑपरेटरचा सिग्नल तुटला की ड्रोन जीपीएसच्या आधारे उडाल्या जागी परत येतो, हे तुम्ही पाहिलं असेल. जॅमर रिमोटचा सिग्नल आणि जीपीएस दोन्ही दाबतो. मग ड्रोन भरकटतो, नाहीतर आहे तिथेच खाली बसतो. अडचण अशी की त्याच लहरींच्या पट्ट्यात आपलेही वायरलेस संच चालतात, आणि जोरात लहरी सोडणाऱ्या जॅमरची जागा शत्रूला कळते.

शिवाय त्यावर तोड निघाली आहे. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू ड्रोनला ऑप्टिकल फायबरचं रीळ लावतात. दहा-वीस किलोमीटर केसाएवढी तार मागे सुटत जाते. सिग्नल त्या तारेतूनच जातो; रेडिओच नाही, तर जॅम काय करणार? पण रिळाच्या वजनामुळे स्फोटकं कमी नेता येतात आणि तार झाडात अडकली, तुटली की खेळ संपला. तिथल्या शेतांवर या तारांची जाळी पसरलेली आहे; पीक काढणाऱ्याच्या हातापायात ती गुंतते, हे वाचून शेतकऱ्याच्या जिवाला लागेलच.

८-९ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, असं भारत सरकारने सांगितलं. असा लोंढा पाठवण्यामागे आपली रडारं आणि तोफा कुठे आहेत ते हुडकणं, हाही हेतू असतो. प्रत्येकावर महागडं क्षेपणास्त्र सोडलं तर भाता रिकामा होतो. म्हणून एल-७० सारख्या जुन्या ४० मिमी विमानविरोधी तोफा तेव्हा कामाला आल्या. आमच्या मते या तोफा मोडीत न काढणं हा शहाणपणाचा निर्णय ठरला.

प्रश्न : मुलगा भरतीची तयारी करतो. ड्रोनचं काय शिकवावं?
– एक पालक, कराड

उत्तर : पायदळाच्या बटालियनमध्ये 'अश्नी' नावाच्या ड्रोन पलटणी उभ्या राहत आहेत, त्यामुळे विचार योग्य आहे. उडवण्याआधी दुरुस्ती शिकवा : नीट सोल्डरिंग, मल्टिमीटर, बॅटरीची निगा. लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला असतो. ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, पेट घेते. थंडीत तिची ताकद झपाट्याने घटते, लडाखमधली मोठी डोकेदुखी हीच. पायलटच्या प्रमाणपत्रासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी पास लागते. प्रशिक्षण संस्था डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यता असलेलीच निवडा.