‘इन पर्पेच्युइटी’ म्हणजे नेमकी किती वर्षं?

तुम्ही विचारलंय की ‘पर्पेच्युइटी’ या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ काय, तो आला कुठून, आणि ‘परमनंट’ म्हटलं तर चालत नाही का.

मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. अचलपूर तालुक्यातला अर्जनवीस आहे. तहसीलसमोर टिनाच्या शेडखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज, करारनामे लिहितो. या शब्दाशी माझी गाठ पडली ती एका काकांमुळे. त्यांच्या वावराच्या कोपऱ्यात एका कंपनीला मोबाईलचा टॉवर उभा करायचा होता. करारनामा इंग्रजीत. टॉवरच्या जागेचं भाडं 20 वर्षं, हे त्यांना सांगितलं गेलं होतं. पुढच्या पानावर, टॉवरपर्यंत धुऱ्यावरून गाडी नेण्याचा हक्क मात्र ‘इन पर्पेच्युइटी’. मी म्हटलं, काका, याचा अर्थ कायमचा. त्यांनी विचारलं, “भाऊ, त्या शब्दात वर्सं किती बसतात?”

मला उत्तर देता आलं नाही. मग हात धुऊन त्या शब्दाच्या मागे लागलो.

मूळ लॅटिन. ‘पेर’ म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे धाव घेणे, ती गाठू पाहणे, मागणे. दोन्ही मिळून ‘पेरपेतुउस’: मध्ये खंड न पडता सलग. लांबच लांब पसरलेली दलदल किंवा कुणी मध्ये तोंड न घालता झालेलं भाषण, यांनाही रोमन लोक हेच विशेषण लावत. म्हणजे शब्दाचा पहिला अर्थ ‘अनंत’ नव्हेच, ‘अखंड’. पुढे फ्रेंचमार्गे तो मध्ययुगात इंग्रजीत आला आणि जमीनजुमल्याच्या कागदांत रुतून बसला.

त्याच ‘पेतेरे’पासून ‘पिटिशन’ झालं, म्हणजे माझा धंदा. आणखी मागे गेलं तर ज्या आद्य धातूपासून ‘पेतेरे’ निघालं, त्यापासूनच आपला संस्कृत ‘पत्’ निघाला: उडणे, पडणे. त्यातून ‘पत्र’. आधी पंख, मग झाडाचं पान, मग लिहायचं पान. भाडेपत्र, खरेदीपत्र, बक्षीसपत्र यांतलं ‘पत्र’ आणि ‘पर्पेच्युइटी’ एकाच कुळातले निघाले, हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला! (आमच्याकडे त्याचा उच्चार ‘परपेचुटी’ होतो. पेच आहेच त्यात.)

‘परमनंट’ वेगळ्या घरातला. त्यात ‘मानेरे’, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. ‘रिमेन’ आणि ‘मॅन्शन’ तिथलेच. म्हणून परमनंट म्हणजे जागेवर ठाण मांडून असलेला, आणि पर्पेच्युअल म्हणजे न थांबता चालत राहणारा. तिसरा भाऊ ‘पेरेनियल’, त्यात ‘अन्नुस’ म्हणजे वर्ष. आपल्या भाषेत बारमाही. रोजच्या वापरात मात्र परमनंटला फार ताणू नका. आमच्याकडे सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असतो, “पोरगा परमनंट हाये का?” आणि राज्य सरकारचा बहुतेक परमनंट माणूस 58 व्या वर्षी घरी येतो.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. ज्यानं ज्यानं हा शब्द लिहून घेतला, त्याला तो किती पुरला? ज्युलियस सीझर इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला ‘दिक्तातोर पेरपेतुओ’, म्हणजे तहहयात हुकूमशहा झाला. त्याच वर्षी 15 मार्चला त्याचा खून झाला.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आमचा अख्खा वऱ्हाड याच शब्दावर दिला गेला होता. 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या कर्जापोटी. मालकी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या कापसाच्या मुलखाची, तो हातचा सोडायला कोण तयार होईल? 1902 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वर्षाला 25 लाख रुपये खंड, आणि पट्टा ‘इन पर्पेच्युइटी’. म्हणजे आज ज्याला आपण अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ म्हणतो, तो सगळा मुलूख कायमच्या भाड्यानं गेला.

तो ‘कायम’ 1947 मध्ये संपला. 45 वर्षं. एखाद्या चांगल्या विहिरीचं बांधकाम त्याहून जास्त टिकतं.

पैशाच्या हिशोबात या शब्दाचा एक वेगळा, सरळ उपयोग आहे. दरवर्षी ठरावीक रक्कम कायम मिळत राहणार असेल तर तिची आजची किंमत किती? वर्षाच्या रकमेला व्याजदरानं भागायचं. व्याज 5 टक्के धरलं तर 25 लाखांच्या कायमच्या खंडाची किंमत होते 5 कोटी. अनंत वर्षांचे पैसे, पण किंमत मोजता येण्याजोगी, कारण लांबचा रुपया आजच्या हिशोबात जवळजवळ शून्यच असतो.

आपल्या कायद्यातही हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 105 म्हणतं की भाडेपट्टा ठरावीक मुदतीचा किंवा कायमचा असू शकतो. त्याच कायद्याचं कलम 14 मात्र सांगतं की आज हयात असलेल्या माणसांच्या हयातीपलीकडे, आणि नंतर येणाऱ्या वारसाच्या अज्ञानपणाच्या, म्हणजे वयात येण्याआधीच्या, काळापलीकडे, मालमत्ता कुणाला मिळायची ते लांबणीवर टाकून ठेवता येत नाही. ही समज इंग्लंडातून आली. 1682 च्या ड्यूक ऑफ नॉरफोक खटल्यापासून तिची मांडणी होत गेली. मेलेल्या माणसानं न जन्मलेल्याचे हात बांधू नयेत, एवढंच त्यामागे आहे. कोर्टात ‘पर्पेच्युअल इंजंक्शन’ ऐकलं तर तो कायमचा मनाई हुकूम. दावा पूर्ण चालून निकालातच मिळतो.

आपले लोक याच अर्थानं ‘आचंद्रार्क’ लिहीत, चंद्रसूर्य असेपर्यंत. याचा एक जुना नमुना माझ्या तालुक्यातलाच आहे. अचलपूरजवळच्या चमक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट सापडला. त्यात चर्मांक हे गाव 1,000 ब्राह्मणांना चंद्रसूर्य असेपर्यंत दान दिलंय. आणि लगेच अटी: राज्याशी द्रोह करायचा नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, विषप्रयोग यांत सापडायचं नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांचं वाईट करायचं नाही. तसं केलं तर राजा गाव परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. 1,500 वर्षांपूर्वी तो मसुदा ज्यानं लिहिला, तो कारकून मला आपल्यातला वाटतो. ‘कायम’ लिहिलं की ‘कधीपर्यंत’ आणि ‘कशावर’ हेही लिहावं लागतं, हे त्याला माहीत होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: करारात ‘इन पर्पेच्युइटी’ दिसलं तर त्याचा अर्थ ‘शेवटची तारीख ठेवलेली नाही’ असा वाचा. हक्क तुम्हाला मिळत असेल तर उत्तम. तुमच्याकडून जात असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. माझ्यासारख्या अर्जनवीसावर भागवू नका.

काकांना मी हेच सांगितलं. तालुक्याच्या एका वकिलानं ते दोन शब्द खोडून वर ‘भाडेपट्ट्याची मुदत संपेपर्यंत’ घातलं. कंपनीच्या माणसानं हूं की चूं केलं नाही. त्याच्याकडे तो छापील नमुनाच तसा आला होता. खोडलेल्या जागी दोघांनी छोट्या सह्या केल्या. काका मला म्हणाले, “आता बसले नं वीस?” मी म्हटलं, बसले.