मुलगा मोबाइलवर खेळतोय म्हणजे त्याला दुखत नाही, हे सिस्टरांचे म्हणणे बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही. बालरुग्ण विभागात बरीच वर्षे काढलेली परिचारिका म्हणून हेही कबूल करते की, सुरुवातीला मीसुद्धा पालकांना अगदी हेच सांगत असे.

तुमचा मुलगा ७ वर्षांचा आहे, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर पोट दुखते असे तो स्वतः सांगतो आहे, आणि या वयाच्या मुलाच्या बाबतीत त्याचे सांगणे हाच सर्वांत भरवशाचा पुरावा असतो. बोलता न येणाऱ्या लहानग्यांसाठी ‘फ्लॅक’ ही मोजपट्टी असते. तीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. थोड्या मोठ्या मुलांना ० ते १० गुणांच्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून किती दुखते ते विचारतात. ही साधने बहुतेकींना ठाऊक असतात. घोडे अडते ते विश्वासापाशी: मूल ८ वर बोट ठेवते आणि ‘इतके काही दिसत नाही’ म्हणून केसपेपरवर ४ लिहिले जातात. मी लिहिले आहेत. खेळात मन गुंतवणे ही मुलाची वेदना सोसण्याची रीत असते, आणि दुखून दमलेले मूल झोपीही जाते, हे मला फार उशिरा उमगले.

दुसरी अडचण भीतीची. मॉर्फिनसारख्या औषधाने सवय लागेल, श्वास मंदावेल, म्हणून हात आखडतो. वेदनेसाठी वजनानुसार मोजून, थोडे दिवस दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. श्वासाची काळजी मात्र रास्त आहे, पण बहुधा आधी गुंगी वाढते, म्हणून मूल कितपत जागे आहे आणि श्वास कसा चालला आहे यावर लक्ष ठेवायचे असते, औषध अडवून ठेवायचे नसते.

केसपेपरवर वेदनाशामक ‘ठरावीक वेळेला’ लिहिले आहे की ‘गरज पडल्यास’, हे एकदा विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारात मूल रडेपर्यंत वाट पाहिली जाते आणि तोवर वेदना आटोक्यात आणणे अवघड होऊन बसते. आणि सिस्टरांना विनंती करा की, तो स्वस्थ पडलेला असताना नव्हे, तर कुशीवर वळताना किंवा खोकताना गुण विचारा. निपचित पडून खेळणारा मुलगा खोकला येताच टाके दाबून धरतो, ते त्यांना बघू द्या.