अळीची प्रतिकारशक्ती आणि वालावरची बीटी फवारणी

प्रश्न (मुरूड आणि रोहा तालुक्यांतील शेतकरी): भात काढल्यावर ओलाव्यावर कडवा वाल केला. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी दुपारी बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूची) पावडर फवारली. दुसऱ्या दिवशीही अळ्या जिवंतच. अळीला आपल्यासारखी प्रतिकारशक्ती असते का? तिला औषधाची सवय झाली का?

उत्तर: प्रतिकारशक्ती असते आणि चांगली जबर असते. अळीच्या शरीरात आपल्यासारख्या अँटिबॉडी तयार होत नाहीत. पण जिवाणू रक्तात शिरला की रक्तपेशी त्याला गिळतात. जिवाणू फार झाले तर पेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन गाठ करतात आणि ती गाठ काळी पडते. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, साधारण त्याच जातीच्या एन्झाइमचं हे काम. शिवाय अळीच्या अंगातली चरबी जिवाणूचं आवरण फोडणारी छोटी प्रथिनं रक्तात सोडते. स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने १९८१ साली सेक्रोपिया पतंगाच्या कोषांतून असं प्रथिन वेगळं काढलं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

बीटी या फौजेला रक्तात भिडत नाही, आधी आतडं फोडतो. पानाबरोबर पोटात गेलेला त्याचा प्रथिनाचा खडा अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतो आणि आतड्याच्या पेशींना भोकं पाडतो. अळीचं खाणं काही तासांत थांबतं. मग आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात आणि दोन-चार दिवसांत ती मरते. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजू नका, ताजी विष्ठा आणि नवी भोकं दिसतात का ते बघा.

मोठ्या अळ्या सहज दाद देत नाहीत, आणि शेंगेत शिरलेलीपर्यंत फवारा पोचतच नाही. तेव्हा कळी-फुलावर लहान अळी दिसताच, लेबलवरच्या मात्रेने, ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात बीटी लवकर निकामी होतो.

एकाच अळीला सवय होत नाही. पण सतत बीटीच मारला तर तग धरणाऱ्या अळ्यांचीच पुढची पिढी वाढते. हवाईत कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाबाबत १९९० मध्ये हे नोंदलं गेलं. मधली एखादी फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची घ्या.

आणि सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेला पंप असेल तर आधी स्वच्छ धुवा. मोरचूद आणि चुना, दोन्ही बीटीला मारक आहेत.