पूरग्रस्तांच्या छावणीत पहिल्या दिवशी आधी पाणी बघ
सगळ्यांची धावपळ जेवणाच्या पाकिटांसाठी चाललेली असते. तू आधी पाण्याकडे बघ. माणशी रोज किमान 15 लिटर लागतं, पिणं-स्वयंपाक-अंघोळ धरून. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून उपयोग नाही, ते गाळातच खर्ची पडतं. पाणी निवळू दे, कापडाने गाळ, मग क्लोरीन टाक आणि 30 मिनिटं थांब. तहानलेली मुलं पेला धरून समोर उभी असतात तेव्हा ही 30 मिनिटं फार जड जातात. तरी थांबच. जुलाब दिसले आणि ओआरएस (जलसंजीवनीची पुडी) नसेल, तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आणि हो, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या कोणाकोणाच्या वाहून गेल्या, ते पहिल्याच संध्याकाळी वहीत लिहून घे.