चाऊ डॉक (व्हिएतनाम) एका दिवसात बघून होतं का? आणि तिथलं प्रसिद्ध देवीचं देऊळ मुळात विष्णूचं होतं हे खरं का?

एक दिवस पुरत नाही, दोन रात्री ठेवा. झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. सायगॉनहून सहा-सात तास बसमध्ये अंग आंबवत यायचं, हॉटेलात नुसतं झोपायचं, सकाळी फ्नोम पेन्हची (कंबोडियाची राजधानी) बोट पकडायची आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटायचं की चाऊ डॉकमध्ये बघण्यासारखं काही नाही, असे लोक मी ढिगाने बघितलेत.

दुसऱ्या प्रश्नावरून मात्र आमच्याकडे साडूंशी जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे हे जरा लांबणार आहे.

मी सायगॉनमध्ये राहतो (कागदावर हो ची मिन्ह सिटी, पण बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात), पॅकिंगच्या मशीन विकतो, आणि माझी बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे मेकाँगच्या डेल्टातले मासे प्रोसेस करणारे कारखाने. त्यामुळे चाऊ डॉकला जाणं-येणं असतं. हाऊ नदीच्या काठावरचं, कंबोडियाच्या सीमेला लागून असलेलं गाव आहे. वस्ती मुख्यतः विएत लोकांची, बाजारात पिढ्यान्पिढ्यांचे चिनी दुकानदार, नदीपलीकडे चाम मुसलमान, आणि डोंगरांच्या बाजूला ख्मेर, म्हणजे कंबोडियन वंशाचे लोक. एका दिवसात मशीद, चिनी देऊळ आणि ख्मेर विहार तिन्ही होतात, पण होतात म्हणजे फोटो होतात.

तर साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अलिबागकडचे, मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब आमच्याकडे आले होते. मी म्हटलं चला, शहरात नुसते मॉल बघण्यापेक्षा डेल्टा दाखवतो. आदल्या रात्री हॉटेलात त्यांना कुठूनतरी फॉरवर्ड आला की चाऊ डॉकची देवी म्हणजे विष्णू आहे, आणि सकाळी नाश्त्यालाच सुरुवात झाली, "अहो, हे सगळं आपलंच आहे."

आता खरं काय ते सांगतो. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर नुई साम नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी बा चुआ सू या देवीचं देऊळ. दक्षिण व्हिएतनाममधलं सगळ्यात मोठं नवसाचं ठिकाण म्हणा. दंतकथा अशी की मूर्ती डोंगरावर होती, सयामच्या (आजच्या थायलंडच्या) सैनिकांनी पळवायचा प्रयत्न केला पण ती जागची हलेना, चिडून त्यांनी तिचा हात मोडला, आणि पुढे नऊ कुमारिकांनी मात्र ती सहज खाली आणली. ही झाली श्रद्धा. लुई मालरे नावाच्या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने, ज्याने १९४४ मध्ये याच भागात ओक एओचं प्राचीन बंदर खणून काढलं, त्याने लिहून ठेवलंय की मूर्ती मुळात पुरुषाची आहे, त्या जुन्या काळातली आहे; डोकं नंतर बसवलेलं असावं, असंही काहीजण म्हणतात. ओक एओला रोमन नाणंही सापडलं आणि ब्राह्मी लिपीतली अक्षरंही, म्हणजे भारताशी व्यापार होता यात वादच नाही. त्यावरून कुणी विष्णू म्हणतं, कुणी आणखी काही. असेलही विष्णू. मला खरंच काही अडचण नाही.

अडचण आहे ती देवळात जाऊन तिथल्या माणसांना हे ऐकवण्याची.

देवीचा उत्सव चांद्र वर्षाच्या चौथ्या महिन्यात असतो, साधारण आपल्या वैशाखात, आणि आम्ही गेलो तेव्हा तो तोंडावर आला होता. रात्री देवीला सुगंधी पाण्याने स्नान घालतात, नवी वस्त्रं नेसवतात. २०२४ च्या डिसेंबरात हा उत्सव युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, त्यानंतर गर्दीचं विचारूच नका. धंदा नीट चालू दे म्हणून नवस बोलायचा आणि वर्षभराने फेडायला यायचं, तोही रिकाम्या हाताने नाही. भरजरी वस्त्रं, मुकुट, फळांच्या टोपल्या, आणि अख्खं भाजलेलं डुक्कर, लालभडक, चकाकणारं, परातीत आडवं. अशी रांगच्या रांग. साडू बघतच राहिले. म्हणाले, "विष्णूपुढे डुक्कर?" तर त्यांचाच मुलगा, दहावीतला, म्हणाला, "बाबा, वराह अवतार कुणाचा?" ताईंनी पदर तोंडाला लावला. मी पलीकडे बघितलं.

पण साडू थांबणाऱ्यातले नाहीत. फोनमधलं भाषांतराचं ॲप काढलं आणि तिथल्या एका सेवेकऱ्यासमोर धरलं. ही स्त्री नाही, हा आमचा देव आहे, तुम्हाला माहीत आहे का, असं सगळं. फोन व्हिएतनामीत नेमकं काय बोलला ते त्या देवीलाच माहीत. सेवेकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, साडूंच्या हातात उदबत्त्या दिल्या आणि रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर मी साडूंना एकच विचारलं. त्यांचं कुलदैवत एकवीरा. कार्ल्याला देवळाला खेटून बौद्ध लेणी आहेत, भलामोठा चैत्य आहे, दोन हजार वर्षांचा. चैत्री यात्रेला पालख्या चढत असताना कुणी परदेशी माणूस पायऱ्यांवर उभा राहून फोनमधून सांगायला लागला की ही जागा मुळात तुमची नाही, तर चालेल का? म्हणाले, "तो विषय वेगळा." कसा वेगळा ते काही सांगितलं नाही. वर मलाच म्हणाले, बाहेर राहून राहून तुम्हाला आपल्या गोष्टींचा अभिमान उरलेला नाही. हे वाक्य नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ऐकतोय. अभिमान आहे हो. पण नवस फेडायला तासन् तास प्रवास करून आलेल्या बाईच्या देवीवर सातबारा काढायचा, याला मी अभिमान म्हणत नाही.

दुपारी नदीपलीकडे चाऊ ज्यांगला गेलो, फेरीबोटीने. (२०२४ मध्ये हाऊ नदीवर पूल झालाय, पण फेरी मिळाली तर फेरीनेच जा.) खांबांवरची लाकडी घरं, खाली हातमाग, लुंग्या नेसलेले पुरुष. मशिदीच्या ओसरीवर एक आजोबा बसले होते, बसा म्हणाले. साडूंना माहीत होतं की चाम लोकांचे जुने राजे शैव होते, आणि ते बरोबरच आहे, मध्य व्हिएतनाममध्ये 'मी सन' नावाच्या ठिकाणची शिवमंदिरं त्यांचीच. झालं, पुन्हा फोन निघाला. तुमचे पूर्वज शंकराचे भक्त होते! मला वाटलं आता नक्की मार खातोय. आजोबा हसले. आमचा ड्रायव्हर मोडक्या इंग्रजीत सांगायला लागला, ते म्हणतायत की त्यांना माहीत आहे, तिकडे निन्ह थुआनकडचे चाम अजूनही तशा देवळांत पूजा करतात, ते आमचे भाऊबंद, आम्ही हे असे, चहा घेणार का? इतकंच. ज्या गोष्टीवरून आमच्याकडे कायप्पा ग्रुप फुटतात ती त्या माणसाने चहा ओतता ओतता संपवली. साडूंनी चहा घेतला, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं. ताईंनी तोवर मागावरच्या बाईकडून दोन स्कार्फ घेऊन टाकले होते.

येताना तरंगत्या घरांत थांबलो. ड्रमांवर लाकडी घर, आणि आतल्या जमिनीत एक झडप. झडप उघडून मूठभर खाद्य टाकलं की खाली पाणी उकळल्यासारखं होतं, कारण घराखाली जाळीच्या पिंजऱ्यात हजारो मासे. हा तुमचा बासा. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत फिश टिक्का म्हणून जो बिनकाट्याचा पांढरा तुकडा येतो तो बऱ्याचदा याच डेल्टातून येतो, आणि खरं तर बहुतेक वेळा तो बासा नसतोच, त्याचा स्वस्त भाऊबंद असतो, त्रा नावाचा, बासाच्या नावाखाली खपतो. अलिबागच्या माणसाला हे सांगायला नको होतं. "त्याला मासा म्हणतात का?" इथून सुरुवात करून सुरमई, पापलेट, जिताडा असं सगळं झालं. या एका बाबतीत माझं त्यांच्याशी एकमत आहे, फक्त ज्या कारखान्यांमुळे माझं घर चालतं त्यांच्यासमोर मी ते बोलत नाही.

बरं, तुमच्या कामाचं. नुई सामवर सूर्योदयाला जा असं सगळे सांगतात, मी म्हणेन संध्याकाळी जा. वर मोटरसायकलवाले नेतात, रोप-वे पण आहे. पश्चिमेला भातखाचरं थेट कंबोडियात शिरताना दिसतात आणि कडेने सरळ रेघ ओढल्यासारखा विन ते कालवा. १८१९ ते १८२४ मध्ये खणला, साधारण नव्वद किलोमीटर, पार समुद्राजवळच्या 'हा तिएन' गावापर्यंत. थोआय न्गोक हाऊ नावाच्या अधिकाऱ्याने खणवून घेतला, नाव त्याच्या बायकोचं. विएत आणि ख्मेर मजूर त्यात किड्यामुंग्यांसारखे मेले. देवीच्या देवळासमोरच त्याची समाधी आहे, आवारात बिननावाच्या कबरी आहेत. लोक देवीचं दर्शन घेऊन परत फिरतात, समाधीकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. शेजारचा ताय आन पॅगोडा, १८४७ चा, त्याचे घुमट बघून साडू पुन्हा "आपलंच" म्हणाले होते, तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही.

त्रा सूचं जंगल सगळ्या यादीत पहिलं असतं. हिरव्या शेवाळासारख्या पाण्यातून होडी जाते, बगळे-पाणकावळे भरपूर, पण ते पावसानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबर. मे महिन्यात जाऊन वैतागू नका. तिथला बांबूचा पूल रील काढणाऱ्यांसाठी आहे, सकाळी लवकर गेलात तरच मजा.

ख्मेर लोकांकडे जायचं तर त्री तोन. आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास त्यांचाही पितरांचा सण असतो, सेने डोल्टा, आणि तेव्हा चिखलाच्या खाचरात बैलांच्या शर्यती होतात, बैलजोडीच्या मागे कुळवासारख्या फळीवर माणूस उभा. बैलगाड्याचा शौक असेल तर तारीख तशी काढा. (हे साडूंना अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर बैलही आपलेच निघतील.) त्याच बाजूला बा चुक आहे. १९७८ च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूजने (कंबोडियातली तेव्हाची पोल पॉटची राजवट) सीमा ओलांडून तिथली ३,१५७ माणसं मारली, त्यांच्या कवट्या काचेमागे ठेवल्यात. लहान मुलं असतील तर नेऊ नका. मोठ्यांनी जावं असं माझं मत आहे, कारण त्याशिवाय सीमेवरचं गाव म्हणजे काय ते डोक्यात शिरत नाही.

खाणं. बाजारात माम म्हणजे आंबवलेल्या माशांची डोंगराएवढी रास, वास सहन झाला नाही तर नाकाला रुमाल लावा पण बाजार चुकवू नका. सकाळी 'बुन का' खा, म्हणजे हळद घातलेला माशाचा रस्सा आणि तांदळाच्या शेवया, पावसानंतर वर पिवळी फुलं घालतात, आपल्या हादग्याच्या जातीतली. ताडगोळे आणि ताडाचा गूळ जागोजागी मिळतो, गूळ घरी आणा, चहात चांगला लागतो. शाकाहारी असाल तर 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली पाटी शोधा, अमावास्या-पौर्णिमेला जास्त ठिकाणी मिळतं. नुसतं "नो मीट" म्हणालात तर मासा येईल.

आणि राहिलेलं. देवळात शनिवार-रविवार टाळा, आणि बाहेर उदबत्ती किंवा पुण्यासाठी सोडायचे पक्षी हातात कोंबणाऱ्यांकडून काही घेऊ नका. मशिदीत गुडघे-खांदे झाकलेले हवेत. २०२५ च्या जुलैपासून सरकारने जिल्हा पातळीच काढून टाकलीय, चाऊ डॉक आता कागदावर शहर नाही, वॉर्ड आहे, त्यामुळे बुकिंगमध्ये पत्ते गोंधळाचे दिसले तर घाबरू नका. बोट सकाळी सुटते, विन शुआंगच्या नाक्यावर थांबून दुपारपर्यंत फ्नोम पेन्हला पोचते. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये बाहेर पडायचं ठिकाणही विचारतात, तिथे सायगॉनचा विमानतळ टाकून मोकळे होऊ नका, नदीवरचा नाका टाका. आणि परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर सिंगल एंट्री चालणार नाही, हे तिकीट काढायच्या आधी बघा.